तुम्ही विचारलंत : मुंग्यांची रांग, माशीचा डंख आणि सापळ्यातले पतंग

पाऊस सुरू झाला की आमच्या टपालात मुंग्यांचे प्रश्न वाढतात. या खेपेला त्यांच्या जोडीने मधमाश्या, कपाशीवरचे पतंग आणि फळमाश्याही आल्या. प्रश्न वेगवेगळ्या गावांचे असले तरी सगळ्यांचं मूळ एकच आहे : कीटक वासाने काय सांगतात आणि तो वास किती वेळ टिकतो. म्हणून ते या अंकात एकत्र घेतले आहेत.

ओट्यावर मुंग्यांची रांग लागते. पुसली की तासाभरात पुन्हा तिथेच. हळद, खडू, कापूर सगळं करून झालं. रांग कायमची कशी जाईल?
— एक गृहिणी, सांगली

तुम्ही पुसता ती रांग. ती पाठवणारं वारूळ भिंतीत किंवा फरशीखाली जसंच्या तसं राहतं.

रात्री ओट्यावर टॉर्च आडवी धरा आणि साखरेच्या दाण्यावरून परतणारी एखादी मुंगी नीट पाहा. येताना ती भटकत, वळणं घेत आलेली असते. परतताना मात्र थोड्या थोड्या अंतरावर पोटाचं टोक खाली टेकवत जाते. प्रत्येक वेळी पोटातल्या ग्रंथीचा रस फरशीला लागतो. मागून येणारी मुंगी आपल्या दोन्ही मिशा या रेघेच्या दोन अंगांना हलवत चालते. एका मिशीला वास कमी आला की दुसरीच्या बाजूला वळते. खाणं मिळालेली प्रत्येक मुंगी परतताना त्याच रेघेवर भर घालते, म्हणून रांग दाट होत जाते. खाणं संपलं की भर घालणं थांबतं आणि वास विरतो. १९५९ साली कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी अग्निमुंगीच्या पोटातल्या ड्यूफोर ग्रंथीचा रस काढून त्याने नुसती रेघ ओढली, तर वारुळातल्या मुंग्या खाणं नसतानाही त्या रेघेवरून धावत सुटल्या. काचेवरची या मुंगीची रेघ साधारण दोन मिनिटांत उडून जाते. सगळ्या जातींचं मात्र असं नसतं. घरात आढळणारी बारीक पिवळसर फॅरो मुंगी झटकन उडणाऱ्या वासाबरोबर टिकाऊ वासाचीही खूण ठेवते, म्हणून तिला जुनी वाट पुन्हा सापडते.

कोरड्या फडक्याने पुसलं तर हा रस पसरतो, जात नाही. लिटरभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं द्रव घालून, रांग जिथून निघते त्या फटीपासून खाण्यापर्यंतची सगळी वाट पुसा. कापूर, लवंग यांचा उग्र वास वाटेचा वास काही तास झाकतो, एवढंच. हळदीची जाड रेघ ओलांडायला मुंग्या कचरतात, पण रेघ एका ठिकाणी तुटली की तिथून वाट पडते. बाजारात मुंग्यांसाठी जो खडू मिळतो त्यात सहसा पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं. पोळपाट ठेवायच्या जागी आणि मुलांचा हात पोहोचेल तिथे तो ओढू नका.

वारूळ संपवायचं तर मुंग्यांच्याच हाताने विष आत पोहोचवावं लागतं. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर चालते. मात्र पुड्यात शुद्ध बोरिक ॲसिडच आहे ना हे वाचून घ्या, कारण कॅरमच्या काही पावडरींत दुसरंच काही असतं. २०० मिली कोमट पाण्यात २० ग्रॅम साखर (पाच सपाट चहाचे चमचे) आणि २ ग्रॅम बोरिक (अर्धा सपाट चमचा) पूर्ण विरघळवा. बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा ठेवून तो या पाण्याने भिजवा आणि रांगेच्या कडेला ठेवा. दोन-तीन दिवसांनी बोळा बदला.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, ‘जरा जास्तच घालू’ म्हणून बोरिक वाढवणं. जास्त बोरिक असलेलं पाणी मुंग्या टाळतात, किंवा पिणारी मुंगी वाटेतच मरते. पोटातलं पाणी तोंडातून तोंडात देत देत राणीपर्यंत आणि अळ्यांपर्यंत जायला हवं, आणि त्यासाठी ती काही दिवस जिवंत राहायला हवी. दुसरी चूक, आमिष ठेवल्यावर रांग पुसणं किंवा फवारा मारणं. वाटच मोडली तर आमिषापर्यंत येणार कोण? फॅरो मुंगीवर फवारा मारला तर तिचं वारूळ फुटून दोन-चार ठिकाणी नवी बिऱ्हाडं होतात. तिसरी चूक, पहिल्या दोन दिवसांत मुंग्या वाढलेल्या पाहून आमिष उचलणं. त्या वाढल्या म्हणजे निरोप बरोबर पोहोचला आहे. एक ते तीन आठवडे थांबा. साखरेकडे मुंग्या ढुंकूनही पाहत नसतील तर त्या वेळी त्यांना तेल किंवा प्रथिनं हवी असतात. तेच प्रमाण धरून बोरिक शेंगदाण्याच्या कुटात मिसळा. मुलं आणि पाळीव प्राणी यांच्यापासून हे लांब ठेवा, आणि बाटलीवर ‘विष’ असं लिहाच.

मुंग्या वासाने चालतात हे विज्ञान प्रदर्शनात कसं दाखवता येईल?
— इयत्ता नववीतला विद्यार्थी, नाशिक

पाच सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब अशा जाड कागदाच्या तीन सारख्या पट्ट्या कापा. लहान मुंग्यांच्या चालू रांगेजवळ दोन सपाट ठोकळे थोड्या अंतरावर ठेवून त्यांवर एका पट्टीचा पूल करा. पलीकडच्या ठोकळ्यावर साखरपाण्याचा थेंब ठेवा. पुलावरून नीट रांग लागायला अर्धा तास तरी द्या. मग ती पट्टी काढून न वापरलेली पट्टी ठेवा. मुंग्या कडेशी येऊन गोळा होतात, मिशा हलवत मागे-पुढे करतात. आता जुनी पट्टी परत ठेवा आणि त्या किती लवकर चालू लागतात ते घड्याळ लावून मोजा. तिसऱ्या पट्टीवरूनही आधी तशीच रांग लागू द्या, मग ती साबणाच्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून ठेवा. तीही नव्या पट्टीसारखीच ठरली, तर मुंग्या कागद ओळखत नव्हत्या, कागदावरचा रस ओळखत होत्या, हे परीक्षकांना पटवून देता येतं. प्रत्येक कृती निदान पाच वेळा करून सरासरी काढा.

मोठे काळे मुंगळे घेऊ नका. ते डोळ्यांचा आणि आठवणीचाही बराच आधार घेतात, त्यामुळे निकाल गोंधळाचा येतो. पट्टी चिमट्याने उचला, कारण बोटांचं तेल आणि घाम लागला की दुसराच वास मिसळतो. पंखा बंद ठेवा आणि दुपारचं ऊन टाळा; तापलेल्या कागदावरचा रस झपाट्याने उडतो.

वाळवीवरही एक देखणा प्रयोग होतो. काही बॉलपेनांच्या शाईत २-फिनॉक्सीएथॅनॉल असतं आणि काही जातींच्या वाळवीला ते आपल्या वाटेच्या वासासारखं भासतं. कागदावर गोल काढला तर कामकरी वाळव्या त्या रेघेवरून गोल गोल फिरत राहतात. पेन्सिलीच्या रेघेवर असं होत नाही. तुलनेसाठी तीही काढा. सगळ्या पेनांत हे रसायन नसतं, म्हणून चार-पाच पेनं आधी वापरून पाहा.

मेलेल्या मुंगीला इतर मुंग्या उचलून का नेतात? त्यांना मरण कळतं का?
— एक वाचक, बडोदे

त्यांना वास कळतो. मुंगी मेल्यावर तिच्या अंगातल्या चरबीचं विघटन होऊन ओलेइक आम्ल तयार होतं. १९५८ मध्ये विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आम्ल जिवंत मुंग्यांच्या अंगाला लावलं. बाकीच्यांनी त्या धडधाकट, पाय झाडणाऱ्या मुंग्या उचलून वारुळाच्या उकिरड्यावर नेऊन टाकल्या! अंग चाटून स्वच्छ होईपर्यंत त्यांना घरात थारा नव्हता. अर्जेंटिनी मुंगीत आणखी एक बारकावा आढळला आहे : जिवंत मुंगीच्या अंगावर ‘मी जिवंत आहे’ असं सांगणारी दोन रसायनं असतात आणि मेल्यावर तासाभरात ती नाहीशी होतात. म्हणून तिथे प्रेत हलवायला ओलेइक आम्लाची वाट पाहावी लागत नाही.

दोन मुंग्या समोरासमोर आल्या की थांबून तोंडाला तोंड लावतात. काय बोलतात?
— एक आजी, पुणे

आधी त्या एकमेकींचं घराणं तपासतात. मुंगीच्या अंगावर मेणासारख्या हायड्रोकार्बनांचा पातळ थर असतो. पाणी आत-बाहेर होऊ नये हे त्याचं मुख्य काम, पण त्यातल्या घटकांचं प्रमाण प्रत्येक वारुळाचं वेगळं असतं. एकमेकींना चाटून आणि भरवून हा वास सगळ्यांत सारखा मिसळत राहतो. हे घटक जड असल्याने दुरून येत नाहीत, म्हणून मिशी अंगाला टेकवावी किंवा अगदी जवळ न्यावी लागते. वास जुळला नाही तर भांडण होतं. जुळला तर पुढे काही वेळा खरोखरच घास दिला-घेतला जातो. तोंडाला तोंड लागलेलं तुम्हाला दिसतं ते हे.

आंबे उतरवताना ओंबील अंगावर चढतात. एकाने चावा घेतला की सगळे तिथेच का येतात?
— बागायतदार, देवगड तालुका

ओंबील, काही गावांत ज्यांना हुमले म्हणतात, त्या पानं विणून घर करणाऱ्या लाल मुंग्या. यांच्याच आफ्रिकेतल्या भावंडांवर १९७० च्या दशकात झालेलं काम या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर देतं. मुंगीच्या जबड्याजवळच्या ग्रंथीतून एकाच वेळी चार प्रमुख घटक बाहेर पडतात, पण ते सारख्या वेगाने उडत नाहीत. सर्वांत हलकं हेक्झॅनल. ते आधी पसरतं आणि मुंग्या सावध होतात. त्यामागून हेक्झॅनॉल, त्याने त्या उगमाकडे ओढल्या जातात. उरलेली दोन रसायनं जड. ती चाव्याच्या जागीच रेंगाळतात आणि तिथे पोहोचलेल्या मुंगीला चावायला लावतात. एकाच थेंबात ‘सावध, इकडे या, इथे चावा’ असे तीन हुकूम, तेही बरोबर क्रमाने. वर ती पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल सोडते, त्यामुळे जखम चरचरते.

म्हणून चढलेली मुंगी अंगावर चिरडू नका. तिला झटकून टाका, बाह्या-पायघोळ बांधून चढा, आणि चावलेली जागा साबणाने धुतल्यावरच पुन्हा झाडाला हात लावा. सरसकट मारण्याआधी मात्र विचार करा. काजूवरच्या ढेकण्या किडीला या मुंग्या चांगला आवर घालतात. उलट बाजूही खरी आहे : गोड चिकटा देणाऱ्या खवले किडींना त्या राखतात. तुमच्या झाडावर कोणती कीड जास्त आहे ते पाहून ठरवा.

सातेरी मधमाश्यांची पेटी उघडताना एक डंख बसला की लगेच चार-पाच बसतात. धूर नेमकं काय करतो?
— नवे मधपाळ, महाबळेश्वर परिसर

मधमाशीचा काटा कातडीत अडकतो आणि त्याच्याबरोबर विषाची पिशवी व गंधाची ग्रंथीही तिथेच राहते. त्यातून आयसोपेंटाइल ॲसिटेट उडत राहतं, म्हणजे ‘शत्रू इथे आहे’ अशी खूणच तुमच्या हातावर चिकटलेली असते. पिकलेल्या केळ्याच्या वासातही हेच रसायन असतं, म्हणून पेटीवर जाण्याआधी केळं खाऊ नये.

काटा नखाने खरवडा की चिमटीने ओढा, यावर वेळ घालवू नका. जसा निघेल तसा, पण पहिल्या काही सेकंदांत काढा. उशीर झाला की विष जास्त उतरतं. मग त्याच जागेवर धूर द्या. धुराने माशीच्या मिशांची हा वास टिपण्याची क्षमता तात्पुरती मंदावते, आणि दहा ते वीस मिनिटांत ती पूर्ववत होते. याचा अर्थ असा की सुरुवातीला दोन फुंका मारून अर्धा तास काम करता येत नाही. थोड्या थोड्या वेळाने हलका धूर द्यावा लागतो. धुराने माश्या मधही पोटात भरून घेतात, त्यानेही त्या शांत राहतात. धुराड्यात वाळलेली गोवरी किंवा नारळाचा काथ्या घाला. धूर पांढरा आणि हाताला गार लागणारा हवा; गरम धुराने, ठिणग्यांनी माश्या उलट चवताळतात. चौकट बसवताना माशी चिरडली गेली तरी हाच वास सुटतो, म्हणून हात सावकाश चालवा. हातमोजे दर वेळी धुवा.

हे सगळं सातेरीपुरतं. आग्या माशीच्या गंधात आयसोपेंटाइल ॲसिटेटबरोबर २-डेसेनिल ॲसिटेट हा जड घटकही असतो. तो सावकाश उडतो, आणि चिडलेल्या आग्या माश्या माणसाचा लांबपर्यंत पाठलाग करतात. गडांवर कातळकड्याला पोळी असतील तिथे अत्तर लावून जाऊ नका, खाली चूल पेटवू नका. हल्ला झालाच तर हात हलवत उभं न राहता डोकं-तोंड झाकून तिथून निघा आणि बंद जागा गाठा.

कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावले. आधी पतंग पडत होते, मग बंद झाले. निर्धास्त राहिलो आणि बोंडं फोडली तर आत अळ्या. सापळा फसवा होता का?
— शेतकरी, यवतमाळ जिल्हा

सापळा फसवा नव्हता, पण त्याचं सांगणं अपुरं पडलं. गुलाबी बोंडअळीची मादी रात्री जो गंध सोडते, तो दोन जवळच्या घटकांचं जवळपास निम्मं-निम्मं मिश्रण असतं. १९७३ मध्ये त्याची ओळख पटली. बाजारातला ‘गॉसिप्ल्युअर’ म्हणजे तेच मिश्रण. त्यावर फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी सापळ्यात कधीच दिसणार नाही, आणि शेजारच्या फरदडीच्या (हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीच्या) शिवारातून मिलन होऊन आलेली मादी तर तुमच्या सापळ्याला कळणारही नाही. एक नर अनेक माद्यांशी मिलन करतो, म्हणून थोडेफार नर पकडून अंडी कमी होत नाहीत. एकरी दोन सापळे हे मोजमापासाठी असतात; पतंग गोळा करून कमी करायचे तर एकरी आठ-दहा लागतात.

पतंग पडायचे बंद झाले तेव्हा पहिली शंका ल्युअरवर, म्हणजे सापळ्यातल्या गंधाच्या गोळीवर, घ्यायला हवी होती. रबरी गोळीतला गंध रोज थोडा थोडा उडतो आणि विदर्भातल्या उन्हात लवकर संपतो. तीन ते चार आठवड्यांनी ती बदलाच, आणि बदलल्याची तारीख सापळ्याच्या काठीवर लिहा. दुसरी शंका उंचीवर. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर असावा. पीक वाढलं आणि सापळा पानांत बुडाला की गंध वाऱ्यावर पसरत नाही. तिसरी शंका हातांवर. घाटेअळीचं हेलील्युअर हाताळून त्याच बोटांनी गॉसिप्ल्युअर बसवलं, किंवा दोन्ही एकाच सापळ्यात टांगली, तर मिश्रण बिघडतं. नराला नेमकं प्रमाण लागतं. परका गंध मिसळला की तो येत नाही. उरलेल्या गोळ्या पाकीट न फोडता फ्रीजमध्ये ठेवा.

पेरणीनंतर ४५ दिवसांनी सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजून पिशवी रिकामी करा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग पडले तर नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. त्याच्या जोडीला डोमकळ्या (अळी लागल्याने नीट न उमललेली फुलं) वेचून नष्ट करा. आठवड्यातून एकदा शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडा; दोनांत जिवंत अळी दिसली तर फवारणीची वेळ झाली, सापळा काहीही सांगत असो. अंड्यातून निघालेली अळी लगेच बोंडात शिरते आणि आत गेल्यावर तिच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका.

कोथिंबीर काहींना ढेकणासारखी का वासते?
— एक वाचक, इंदूर

दोन्हींत एकाच कुळातली आल्डिहाइडं असतात. कोथिंबिरीत डेसेनल, तर ढेकणात हेक्झेनल आणि ऑक्टेनल. चिरडल्यावर किंवा घाबरल्यावर ढेकूण ती सोडतो आणि आसपासचे ढेकूण पांगतात. ज्यांना हा वास जन्मतःच जास्त जाणवतो, त्यांना कोथिंबीर नकोशी वाटते.

आंब्याच्या बागेत फळमाशीचा सापळा छान चालतो. तोच काकडी-कारल्याच्या मांडवात लावला तर एकही माशी नाही. असं का?
— भाजी उत्पादक, पेडणे, गोवा

माशी वेगळी आहे. आंब्यावरच्या माशीचा नर मिथाईल युजेनॉलकडे येतो. तुळशीच्या पानांतही ते असतं. नर ते खातो आणि त्यापासून मादीला ओढणारा गंध तयार करतो. वेलवर्गीय पिकांवरच्या माशीला मिथाईल युजेनॉलचं काहीच नसतं. तिच्या नरासाठी ‘क्यूल्युअर’ लागतं. मांडवात क्यूल्युअरचे सापळे लावा आणि दोन्ही आमिषांचे सापळे, डबे, हात एकमेकांत मिसळू देऊ नका.

आंब्यासाठी सापळ्यातला आमिषाचा ठोकळा घरी करायचा तर प्लायवुडचे पाच सेंटिमीटर चौरस तुकडे अल्कोहोल, मिथाईल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन यांच्या ६:४:१ मिश्रणात दोन-तीन दिवस बुडवून ठेवतात. हातमोजे घाला, घराबाहेर करा. सापळा सावलीत, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर टांगा आणि वर पावसाचं पाणी आत जाणार नाही असं झाकण हवं. इथेही पकडले जातात ते नरच. माद्या फळांना डंख मारतच राहतात, म्हणून गळलेली आणि किडकी फळं रोज गोळा करून दोन फूट खोल पुरा किंवा पाणी भरलेल्या बंद पिंपात टाका. मांडवाखाली ती पडून राहिली तर त्यातल्या अळ्या मातीत कोष करतात आणि दहा-बारा दिवसांत नव्या माश्या बाहेर पडतात.